तेव्हा तू कुठं होता बे?

परवा काटोल रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्नाला गेलो होतो. जेवणं आटोपली होती. आइस्क्रीमच्या टेबलापाशी चार-पाच पुरुष उभे राहतात तसे आम्ही उभे होतो. बोलायला काही नव्हतं. थंडी यंदा पडली नाही, जागेचे भाव वाढले, मेट्रोचं बरं झालं, हे सगळं बोलून संपलं होतं. तेवढ्यात नवरदेवाच्या काकांनी फेटा काढून बगलेत मारला आणि शेजारच्याला विचारलं, "गुरबाणीनं कर्नाटकाले काढलं, तेव्हा तू कुठं होता बे?"

पुढचा पाऊण तास आमच्या हातातलं आइस्क्रीम वितळत राहिलं.

एक जण आरटीओच्या रांगेत होता. नंबर आला तरी पुढे सरकला नाही, म्हणून मागच्यांनी आरडाओरडा केला. दुसरा पोलिसात आहे. हिवाळी अधिवेशन सुरू होतं आणि मोर्चा अडवायला तो बॅरिकेडपाशी उभा होता. त्याला स्कोअर सांगत होते ते मोर्चेकरीच. तिसरा दवाखान्याच्या व्हरांड्यात होता, बायको आत. "पोरगी आधी झाली का मॅच आधी संपली, हे मले आजही सांगता येत नाई," असं तो म्हणाला आणि बायको ऐकत नाही ना, हे वळून पाहून घेतलं.

त्या पाच जणांत 'मी मैदानात होतो' म्हणणारा एकही नव्हता, हे घरी येताना लक्षात आलं. असणार कसा? कर्नाटकाविरुद्धचा तो रणजी सामना होता कोलकात्याला, ईडन गार्डन्सवर. हजारेक किलोमीटरवर. विदर्भाच्या क्रिकेटमधला सगळ्यात मोठा दिवस विदर्भाच्या माणसांनी पाहिला तो परक्या गावच्या मैदानावरचा, मोबाइलच्या काचेतून, आणि तोही अडकत अडकत.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही, त्यांना आधी विदर्भ म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीपासून. वेगळ्या विदर्भाची मागणी करून पिढ्या थकल्या, पण क्रिकेटमध्ये तो कधीचाच मिळालेला आहे. एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ. त्यातला मुंबईचा संघ करंडक घरी न्यायचा आणि आमचा पराभव घेऊन यायचा. साठ वर्षांत अंतिम फेरी एकदाही नाही. अनुशेष हा शब्द आमच्याकडे सिंचनाला वापरतात, रस्त्यांना वापरतात. क्रिकेटचा अनुशेष मात्र कुठल्याच समितीने मोजला नाही.

मी शाळेत असताना वडील सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर घेऊन जायचे. तिकीट नसायचं आणि लोकही नसायचे. मध्य विभागातले संघ यायचे, रेल्वे, उत्तर प्रदेश, राजस्थान. सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र पसरून बसायचं, डब्यातली पोळी-भाजी खायची. एवढी शांतता असायची की नॉनस्ट्रायकर 'नो' म्हणाला तरी वर ऐकू यायचं. वडील हौसेने यायचे, पण आशेने नाही. "आज किती वेळ टिकतात पाहू," एवढीच त्यांची अपेक्षा. विदर्भाचा कुणी भारताकडून खेळला की ती बातमी वर्षानुवर्षं पुरवून वापरायची. प्रशांत वैद्य चार एकदिवसीय सामने खेळला, तर आमच्या गल्लीत ते चाळीस असल्यासारखे सांगितले जात.

आणि सी. के. नायडू! भारताचे पहिले कसोटी कर्णधार, जन्म नागपूरचा, १८९५ चा. हे आम्ही पाहुण्यांना अगत्याने सांगतो. ते इंदूरला गेले आणि होळकरांच्या संघाकडून खेळले, हे जरा हळू आवाजात. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. माणूस आमचा, करंडक त्यांचा. आमच्या संत्र्यांचंही तेच होतं म्हणा.

तर २०१७ चा तो हंगाम. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. माणूस कडक, आमच्या निवांतपणाला न मानवणारा. कर्णधार फैज फजल, घरचाच. वसीम जाफर तेव्हा चाळिशीला टेकलेला. आदल्या वर्षी दुखापतीमुळे खेळता आलं नाही आणि तरी पैसे मिळाले, म्हणून या हंगामात त्याने मानधन घेतलं नाही. आणि रजनीश गुरबाणी, सिव्हिल इंजिनीअर. नागपुरात इंजिनीअरिंग झालेला मुलगा पुण्याला नोकरीला जातो, असा सर्वसाधारण नियम आहे. हा चेंडू स्विंग करत बसला. उपांत्यपूर्व सामन्यात सुरतेला केरळला ४१२ धावांनी हरवलं, तेव्हाही गावात फारशी हालचाल नव्हती. लोक म्हणाले, चला, छान झालं. आता पुढे कर्नाटक आहे, म्हणजे संपलं.

आणि उपांत्य सामन्यात तसंच दिसत होतं. आमचा पहिला डाव १८५. त्यांच्या ३०१, एकट्या करुण नायरच्या १५३. दुसऱ्या डावात गणेश सतीशने ८१ केल्या. हा मूळचा कर्नाटकाचाच, आमच्याकडून खेळणारा. आपण ३१३ पर्यंत पोचलो आणि त्यांना १९८ हव्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते ७ बाद १११.

आता माझं. २१ डिसेंबर, गुरुवार. ऑफिसला निघालो आणि सदरमध्ये एका पानठेल्यावर थांबलो तो थांबलोच. ठेलेवाला खर्रा घोटत होता. (खर्रा कायद्याने मिळत नाही आणि नागपुरात मिळतो, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) सुपारीच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला, त्याची काच कोपऱ्यात तडकलेली. आम्ही आठ-दहा जण वाकून पाहत होतो, पण उन्हाने स्क्रीनवर काही म्हणता काही दिसत नव्हतं. दिसायचं फक्त ठेलेवाल्याला, कारण तो आतून, सावलीत. म्हणून आम्ही त्याच्या हाताकडे पाहायला लागलो. पन्नीतला खर्रा घोटणारा तळवा पुढे-मागे, पुढे-मागे, एका लयीत. चौकार गेला की हात वेगात. बॉल चकवून गेला की मंद. आणि हात थांबला की आमचा श्वास थांबायचा. विकेट.

८७ धावा हव्या, तीन गडी हातात. विनयकुमार, मग मिथुन. या दोघांनी असे काही फटके मारले की तळव्याचा वेग वाढतच गेला. ज्याचा खर्रा होता तो गिऱ्हाईक शेवटी म्हणाला, "भाऊ, पीठ करतो का त्याचं?" कुणी हसलं नाही. धावा १८० च्या पुढे गेल्या तेव्हा एक म्हातारे गृहस्थ सायकल वळवून निघाले. "मी गेलो तं जितन," म्हणाले. साठ वर्षांच्या अनुभवाचं शहाणपण होतं ते. आम्ही त्यांना थांबवलं नाही, उलट रस्ता करून दिला.

हात थांबला. पन्नी तशीच हातात. ठेलेवाला वर पाहीना, काही बोलेना. मग त्याने पन्नी खाली ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावा. त्या सकाळचे तिन्ही बळी गुरबाणीचे, डावात सात, सामन्यात बारा. सायकलवाल्या गृहस्थांना हाक मारायला एक पोरगं धावलं, पण ते गल्लीत वळून गेले होते. त्यांना कुणी, केव्हा सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनात अजून अधूनमधून येतो.

आमच्या आठवणींची एक गंमत आहे. त्या लग्नातल्या फेटेवाल्या काकांनी शपथेवर सांगितलं की गुरबाणीची हॅटट्रिक या सामन्यात झाली. अर्ध्या नागपुराला तसंच आठवतं. हॅटट्रिक झाली ती अंतिम सामन्यात, दिल्लीविरुद्ध. ३० डिसेंबर, शनिवारी सकाळी. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी हॅटट्रिक. पण डोक्यात कुठेतरी दोन्ही सामने एकमेकांत मिसळून गेलेत, आणि दुरुस्त करायला गेलं की माणसं दुखावतात. मी काकांना दुरुस्त केलं नाही.

ती हॅटट्रिकही अशी की छळणारी. षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी त्रिफळाचीत. आणि षटक संपलं. आता मधलं अख्खं षटक दुसऱ्याचं. तोवर तिसऱ्या चेंडूची वाट पाहायची. मी घरी टीव्हीसमोर, शेजारी आई संत्री सोलत बसलेली. आईला क्रिकेट कळत नाही, पण संत्रं कळतं. अंबिया बहाराचं फळ, सालीतून सुटलेलं. ती प्रत्येक फोडीवरच्या शिरा काढते, कडेला नखाने चीर देते, बी बाहेर काढते आणि मग ती फोड पुढे करते. त्या मधल्या षटकात तिने फोड पुढे केली आणि मी घेतली नाही. तिने हात मागे घेतला नाही. सहा चेंडू ती तशीच हात पुढे करून बसली. गुरबाणी आला, समोर १४५ वर खेळणारा ध्रुव शोरी. दांडी गुल. मी फोड घेतली.

झालं! आईची नेमणूक पक्की झाली. पुढचे दोन दिवस तिला त्या खुर्चीतून उठू दिलं नाही. अक्षय वाडकरने शतक ठोकलं, प्रथम श्रेणीतलं पहिलंवहिलं, आणि तेही रणजीच्या अंतिम सामन्यात. ते आईने एकेक फोड सोलत पूर्ण करून घेतलं. आपल्या ५४७ झाल्या. थर्टी फर्स्टच्या पार्टीला जायचं होतं, पण खुर्ची हलवली तर विकेट जाईल म्हणून कुणी गेलं नाही. १ जानेवारीला दिल्ली दुसऱ्यांदा संपली आणि २९ धावा हव्या होत्या. त्या जाफर आणि मंडळींनी अशा काढल्या, जणू हे दरवर्षीचंच काम आहे. नऊ गडी राखून विजय. मैदान कुठलं? इंदूरचं, होळकर स्टेडियम. नायडूंचं देणं नागपूरने तिथेच जाऊन वसूल केलं, असं मी आईला म्हणालो. ती म्हणाली, "आता मी उठू का? कुकर लावायचा आहे."

वडील त्या वेळी नव्हते. असते तर 'किती वेळ टिकतात पाहू' यापलीकडे काही बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो. आणि आपल्या अंगणात, जामठ्याला. समोर सौराष्ट्र, त्यांच्याकडे पुजारा. आदित्य सरवटेने त्याला दोन्ही डावांत मिळून एका धावेत बाद केलं. सामन्यात अकरा बळी, ७८ धावांनी विजय, ७ फेब्रुवारी २०१९. या वेळी मैदानात जाऊन पाहता आलं असतं. काही जण गेलेही. पण त्या लग्नात कुणी कुणाला विचारलं नाही की पुजारा गेला तेव्हा तू कुठं होता. मीही कुठे होतो, आठवत नाही. बहुधा कामावर. सर्वबाद किती, बळी किती, हे सगळं पाठ आहे, पण माझी जागा आठवत नाही. आता जामठा म्हणजे वर्धा रोडवरचं टोक, संध्याकाळी परत यायला दीड तास, वगैरे कारणं आहेत. पण खरं कारण असं की तोवर आम्ही जिंकणारे झालो होतो. जिंकणाऱ्याला पानठेल्यावर थांबावं लागत नाही, त्याला संध्याकाळी निकाल कळला तरी चालतो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये तिसरा करंडक आला. २ मार्च २०२५, रविवार, जामठा, समोर केरळ. पहिल्या डावातल्या आघाडीवर, ३७९ विरुद्ध ३४२. दुसऱ्या डावात १३५ धावा काढून ज्याने केरळची उरलीसुरली आशा संपवली, तो करुण नायर. हो, तोच. कोलकात्याला आमच्याविरुद्ध १५३ काढणारा आता आमचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सदरला गेलो. ठेला तोच आहे, रंग नवा दिलाय, मोबाइलही नवा. हात पन्नीवर चालूच होता, पण लय आपली रोजची. मी म्हटलं, पाहिलं का काल, आपल्या करुण नायरचं शतक?

"पाहिलं नं," तो म्हणाला. "चांगला खेळला." मग थोडा वेळ घोटत राहिला. "पण मी त्या वक्ती लई शिव्या देल्या होत्या बाप्पा त्याले. अन् त्या वापस कशा घेऊ?"