पोराचं व्यसन झाकू नका, दवाखाना गाठा

या पानावर ऊस, कांदा, द्राक्ष आणि दुधाचे विषय यायचे, तिथे आज अमली पदार्थ कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. हा माल आता मुंबईच्या गल्लीबोळापुरता राहिलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोली औद्योगिक वसाहतीत ठाणे पोलिसांनी सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये चंदगड तालुक्यात ढोलगरवाडीच्या एका फार्महाऊसवर कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभला शेकडो किलो माल निघाला, आणि पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत सव्वाशे किलोच्या आसपास. फेब्रुवारी २०२५ मध्ये तुळजापूरचे नाव याच कारणाने पेपरात आले. ही सगळी आपलीच गावे, आपल्याच एस.टी.च्या पाट्यांवरची.

यातला फरक आधी समजून घेऊ. इफेड्रिन हा मेथॅम्फेटामाइन, म्हणजे बोलीत ‘मेथ’ किंवा ‘आईस’, याचा कच्चा माल. कुरकुंभ, इरळी, तुळजापूर इथे सापडला तो मेफेड्रोन, ज्याला पोरं ‘एम.डी.’ म्हणतात. दोन्ही रसायने वेगळी, पण जात एकच. दोन्ही मेंदूला चाबूक मारून पळवणारी. एम.डी.वर कायद्याने बंदी आली ती फेब्रुवारी २०१५ मध्ये. मेथवर जगभर जास्त अभ्यास झाला आहे, म्हणून आज मुख्यतः त्याबद्दल लिहितो. घरच्यांनी ओळखायच्या खुणा आणि करायची धावपळ दोन्हींची जवळपास सारखीच आहे.

मेथ हे काही नवे खूळ नव्हे. १८९३ मध्ये जपानच्या नागाई नागायोशी या शास्त्रज्ञाने ते इफेड्रिनपासून तयार केले. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी त्याचे स्फटिक बनवले. दुसऱ्या महायुद्धात झोप उडावी आणि थकवा कळू नये म्हणून जर्मन व जपानी सैनिकांना हे दिले गेले. लढाई संपल्यावर जपानात उरलेला साठा बाजारात आला आणि व्यसनाची लाट उठली. अखेर १९५१ मध्ये तिथे कडक कायदा करावा लागला.

अमेरिकेत तर हे दुखणे थेट शेतकऱ्याच्या बांधावर आले. आयोवा, मिसुरी अशा मक्याच्या मुलखात शेतकरी जमिनीत निर्जल अमोनिया हे खत देतात. मेथ बनवणाऱ्या टोळ्या रात्री शेतातल्या टाक्यांमधून तो चोरू लागल्या, आणि शेतकऱ्यांना खताच्या टाकीला कुलूप लावायची पाळी आली. २००६ मध्ये तिथल्या सरकारने सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा दुकानदाराच्या नोंदीशिवाय विकायला बंदी केली. सांगायचा मुद्दा असा की, ‘हे शहरातल्या श्रीमंतांच्या पोरांचे चाळे’ ही समजूत तिकडच्या खेड्यांनाही महागात पडली.

आपल्या देशात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत १० ते ७५ वयोगटात या जातीची नशा करणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के आढळले, तर दारू पिणाऱ्यांचे १४.६ टक्के. म्हणजे आजही खेड्याचा पहिला शत्रू दारूच आहे, हे मान्य. पण तांबेऱ्याचे चार ठिपके दिसले की आपण सगळा गहू पिवळा पडायची वाट बघत बसतो का?

आता हा पदार्थ अंगात गेल्यावर काय करतो ते पाहू. आपल्या मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य असते. पोटभर जेवण, चांगला भाव, पोराचा पास झाल्याचा निकाल अशा वेळी ते थोडे थोडे सुटते आणि बरे वाटते. मेथ घेतल्यावर याच डोपामीनचा बांध फुटतो. माणसाला वाटते, अंगात दहा बैलांचे बळ आले. भूक नाही, झोप नाही, बोलणे थांबत नाही. हा अंमल आठ-दहा तास, कधी जास्तही टिकतो. पण हे बळ उसने असते. उद्याचे आणि परवाचे आज उचललेले. खत न देता जमिनीकडून पिकावर पीक घेत राहिलो तर ती जशी एक दिवस बसते, तसा हा माणूस नंतर बसतो. मग पहिल्यासारखे वाटावे म्हणून जादा मात्रा, आणि पुन्हा तेच.

अंमल चढलेला असताना नाडी धावते, रक्तदाब वाढतो, अंग तापते. तरण्याताठ्या पोरालाही झटके, हृदयविकार किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रोजची सवय लागली की वजन उतरते, गाल बसतात. तोंड कोरडे पडते, दात कराकरा खाल्ले जातात आणि पंचविशीतच किडून तुटतात. कातडीखाली किडे वळवळताहेत असा भास होऊन माणूस अंग खाजवून जखमा करून घेतो. हृदयाचा स्नायू कमजोर होतो. सुई वापरणाऱ्यांना एच.आय.व्ही. आणि कावीळ ब व क यांचा धोका असतो. गरोदर बाईने घेतले तर बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होऊ शकते.

सगळ्यात घात होतो तो डोक्याचा. बायकोवर संशय, भावावर संशय, ‘लोक माझ्या मागावर आहेत’ असे वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. मग देवऋषी, अंगारा, उतारा यात महिना जातो. बंधूंनो, ही बाधा रसायनाची आहे. आपण फवारणीचे विष बघितलेले लोक आहोत. ऑर्गॅनोफॉस्फेट औषधाची बाधा झाली की डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते, तोंडाला लाळ सुटते. मेथमध्ये उलटे होते. बाहुली मोठी होते, तोंड कोरडे पडते. त्या विषावर डॉक्टर अॅट्रोपीनचे इंजेक्शन देतात. मेथवर तसा उतारा नाही, पण उपचार आहे. ‘यावर काही इलाजच नाही’ असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नव्हे.

पोरगा अचानक पिसाळल्यासारखा करतो, छातीत दुखते म्हणतो, अंग भट्टीसारखे तापले आहे, झटका आला आहे, अशा वेळी १०८ ला फोन करा. चारचौघांनी पकडून पालथे दाबू नका, दोरीने बांधू नका. त्यानेही जीव जाऊ शकतो. गर्दी पांगवा, हळू बोला, सावलीत न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा. विषबाधेच्या वेळी आपण औषधाचा डबा दवाखान्यात नेतो, तसे इथे ‘काय घेतले, किती, केव्हा’ हे डॉक्टरांना खरे सांगा. लाजेपायी ‘उन्हाचा त्रास झाला’ असे सांगितले तर उपचार चुकतो. दवाखान्यात शांत करणारे औषध देतात, ताप उतरवतात, सलाइन लावतात, हृदयाचा आलेख काढतात. भास उरले तर त्यावर गोळ्या असतात.

नशा थांबवल्यावरचे पहिले काही दिवस फार जपायचे. माणूस दोन-दोन दिवस झोपतो, हावरटासारखा खातो, मग मन इतके खाली बसते की जगणे नको वाटते. याच काळात आत्महत्येचा धोका असतो. आपल्या घरात तर कीटकनाशकाचा डबा देवळीत नाही तर गोठ्याच्या वळचणीला असतो. कृषी खात्याचा माणूस म्हणून कळकळीने सांगतो, अशा घरातून औषधाचे डबे त्या दिवशीच हलवा. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. त्याला एकटे सोडू नका. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आणि चोवीस तास आहे. व्यसनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

खरा उपचार पुढे महिनोन्महिने चालतो. मेथची ओढ कायमची तोडणारी एकही गोळी अजून मान्यता पावलेली नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत दोन औषधे एकत्र देऊन मोठी चाचणी झाली. नालट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि बुप्रोपिऑनची गोळी. औषध मिळालेल्या शंभरात साधारण चौदा जणांना गुण आला, औषध नसलेल्या शंभरात दोन-तीन जणांना. फायदा आहे, पण थोडा. ते द्यायचे की नाही हे मानसोपचार तज्ज्ञानेच ठरवायचे. आजपर्यंत सर्वांत जास्त गुण आला आहे तो समुपदेशनाने, आणि एका साध्या वाटणाऱ्या पद्धतीने. आठवड्याला लघवी तपासायची, नशा आढळली नाही की लहानसे बक्षीस द्यायचे, आढळली तर बक्षीस नाही. त्या दिवशी मारही नाही, शिवीही नाही. डोक्यात एकदम पाट सोडून हे पीक येत नाही, ठिबकनेच येते. अमेरिकेत ‘मॅट्रिक्स’ नावाची सोळा आठवड्यांची पद्धत आहे. त्यात रुग्णांचा गट बसतो, घरच्यांनाही शिकवले जाते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करते आहे. तिथेही रुग्णाबरोबर घरच्यांना धरून चालण्यावर भर आहे.

मध्येच पाय घसरला तर ‘गेला, वाया गेला’ म्हणू नये. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या रोग्याचेही पथ्य मोडतेच. आपण त्याला घराबाहेर काढत नाही. मेंदूच्या तपासण्यांतून असे दिसले आहे की वर्ष-सव्वा वर्ष नशा बंद राहिली तर बिघडलेला भाग बराचसा सुधारतो. म्हणजे सहा महिन्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून उपचार सोडणे हे कोंब यायच्या आत बियाणे उकरून बघण्यासारखे आहे. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्लाही कृपा करून देऊ नका. सुधारणे राहते बाजूला आणि परक्याची लेक आगीत पडते.

बरेच आई-बाप दवाखान्यात जात नाहीत ते पोलिसांच्या भीतीने. ही भीती कमी करायला हवी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४ अ आहे. नशा केल्याचा किंवा अल्प मात्रा जवळ बाळगल्याचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी अथवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो आणि तो पूर्ण करतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट टाकला तर मात्र हे संरक्षण जाऊ शकते. तेव्हा आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, हा रस्ता धरा. गल्लीतल्या ‘हमखास व्यसनमुक्ती’ केंद्रात पैसे भरण्यापूर्वी त्याची नोंदणी आहे का ते विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा केंद्राला नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाला साखळीने बांधायला बंदी केली आहे.

शेवटी एक गोष्ट जमिनीच्या मालकांसाठी आणि पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी मंडळींसाठी. पाण्याअभावी बंद पडलेले पोल्ट्रीचे शेड किंवा रिकामे गोदाम कुणी तिप्पट भाड्याने मागितले की मोह होतो. त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, जाणूनबुजून जागा वापरू दिली तर मालकालाही गुन्हेगाराइतकीच शिक्षा आहे, आणि व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे. तेव्हा करार कागदावर करा, भाडेकरूची ओळख घ्या, पोलीस ठाण्यात कळवा. रात्री पिंप येतात, उग्र वास सुटतो, दार सदा बंद असते, तर पोलीस पाटलांनी तोंड फिरवू नये. १९३३ हा त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. ऊसवाहतुकीत, रात्रपाळीत ‘एक घे, झोप येणार नाही’ म्हणून गोळी किंवा पूड पुढे करणारा दिसला तर मुकादमानेच त्याला हटकावे.

विकणारा आणि घेणारा यांना एकाच मापाने मोजू नये, एवढेच गावाला सांगणे आहे. विकणाऱ्याला पोलिसांच्या हवाली करायचे, घेणाऱ्याला डॉक्टरांच्या. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा आणि वर दिलेले क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. खडूचा एक तुकडा लागेल. त्यातून एखाद्या घरचा कर्ता पोरगा वाचला तर त्या घराला तेवढे पुष्कळ आहे.