कॅन्ससची सव्वाशे वर्षं: घाम पोरांचा, पैसा कुणाचा?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांत १ जुलै २०२५ पासून मोठा बदल लागू झालाय. तिथली विद्यापीठं आता आपल्या खेळाडूंना स्वतःच्या तिजोरीतून थेट पैसे देऊ शकतात. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ रोजी तशा तडजोडीला मंजुरी दिली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांचे मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येतात. शिवाय २०१६ पासून खेळलेल्यांना मागची भरपाई म्हणून दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत.

कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना खेळायचे पैसे कशाला, असं कुणालाही वाटेल. पण हे प्रकरण एका दिवसात इथवर आलेलं नाही. ते समजून घ्यायचं तर कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाकडे बघावं. कॅन्सस हे गव्हाचं राज्य. विद्यापीठ आहे लॉरेन्स नावाच्या गावात, वस्ती लाखाच्या आतली. पण बास्केटबॉलमध्ये या गावाचा दबदबा मोठ्या शहरांना नाही.

खेळ काढणाराच पहिला प्रशिक्षक

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नाइस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये तयार केला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. शाळेत हिवाळ्यात पोरांना घरात खेळायला काहीतरी हवं होतं. नाइस्मिथ यांनी पीच फळाच्या दोन टोपल्या वर टांगल्या, १३ नियम लिहिले आणि खेळ सुरू झाला. पुढे वाय.एम.सी.ए.च्याच शाखांमधून तो जगभर गेला, भारतातही आला.

१८९८ मध्ये नाइस्मिथ कॅन्ससला नोकरीला आले आणि तिथला संघ उभा राहिला. गंमत अशी, की ५५ विजय आणि ६० पराभव हा त्यांचा हिशोब. कॅन्ससच्या आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असणारे ते एकटेच. त्यांना त्याचं काही वाटत नसे. खेळ शरीर आणि स्वभाव घडवण्यासाठी असतो, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा शिष्य फॉग ॲलन मात्र वेगळ्या मातीचा. खेळ शिकवता येतो, संघ बांधता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कॅन्ससला त्यांनी ३९ हंगाम काढले आणि ५९० सामने जिंकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला जागा मिळाली, त्यामागेही त्यांची खटपट होती. त्यांच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रुप पुढे केंटकीचे आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाचे नामांकित प्रशिक्षक झाले. म्हणजे आज कॅन्ससला टक्कर देणाऱ्या दोन मोठ्या संघांचं बियाणंही लॉरेन्सचंच.

दार सगळ्यांना उघडं नव्हतं

या इतिहासाला काळी बाजूही आहे. जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९३० च्या दशकात कॅन्ससमध्ये शिकला. नाइस्मिथ यांनी त्याला जवळ घेऊन शिकवलं, पण संघात कृष्णवर्णीयांना घेत नसत. १९३६ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला, विद्यापीठाकडून एकही सामना न खेळता. पुढे टेनेसीतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा प्रशिक्षक म्हणून त्याने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षं छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ज्याला अंगणात येऊ दिलं नाही, त्याने दुसऱ्याच्या अंगणात मळा फुलवला.

कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, लव्हॅनेस स्क्वायर्स, आला तो १९५१ मध्ये. त्यानंतर आला सात फूट उंचीचा विल्ट चेंबरलेन. त्याला आणलं ॲलन यांनी, पण निवृत्तीचं वय झाल्याने १९५६ मध्ये त्यांना जावं लागलं. ज्याच्यासाठी एवढी धडपड केली, त्याला खेळवणं नशिबात नव्हतं. १९५७ ची अंतिम लढत तीनदा जादा वेळेत गेली आणि कॅन्सस ५४-५३ असा एका गुणाने हरला. पुढच्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून चेंबरलेन पैसे देणाऱ्या संघाकडे गेला.

चार विजेतेपदं आणि दोन डाग

अमेरिकी कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा कॅन्ससने चार वेळा जिंकली: १९५२, १९८८, २००८ आणि २०२२. १९८८ चा संघ हंगामात ११ सामने हरलेला. कुणी त्याला धरतही नव्हतं. पण डॅनी मॅनिंगने एकट्याच्या जोरावर संघ ओढत नेला आणि अंतिम सामन्यात ओक्लाहोमाला ८३-७९ हरवलं. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध मध्यंतराला १५ गुणांनी मागे असलेला संघ ७२-६९ ने जिंकला.

डागही आहेत. खेळाडू ओढण्यातल्या नियमभंगामुळे १९८८ च्या विजेत्या संघाला पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत खेळायलाच बंदी झाली. मग २०१७ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने कॉलेज बास्केटबॉलमधला पैशांचा व्यवहार उघडा पाडला. चांगली पोरं ठरावीक विद्यापीठांत जावीत म्हणून बूट कंपनीशी संबंधित माणसं त्यांच्या घरच्यांना गुपचूप पैसे देत होती. त्यात कॅन्ससचंही नाव आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल लागला. २०१७-१८ च्या हंगामातले १५ विजय आणि अंतिम चार संघांतलं स्थान नोंदीतून पुसलं गेलं.

खरी गोम पुढे आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने प्रशिक्षक बिल सेल्फ यांच्याशी पाच वर्षांसाठी सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलरचा नवा करार केला. पोराच्या घरी गेलेला पैसा गुन्हा ठरला, प्रशिक्षकाच्या घरी गेलेला पैसा करार ठरला. पीक एकाने काढायचं आणि पट्टी दुसऱ्याच्या नावावर फाडायची, हा प्रकार शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

पैसा येतो कुठून?

मार्च महिन्यात ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. तिच्या प्रक्षेपणाचा करार २०३२ पर्यंतचा आहे आणि या शेवटच्या आठ वर्षांची रक्कम ८८० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी ११० कोटी. एवढ्या पैशात खेळणाऱ्यांना मिळायचं काय? फी, राहणं, जेवण आणि वर थोडा खर्च. बाकी ते 'हौशी' म्हणून बिनपगारी.

ही भिंत कोर्टानेच फोडली. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा एकमताने शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवरची बंधनं बेकायदा ठरवली. लगेच १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि छबी वापरून जाहिरातीतून कमवायची मोकळीक मिळाली. २०२५ ची तडजोड हे त्यापुढचं पाऊल.

पुढचा पेच

खेळाडूला वाटा मिळाला हे रास्तच झालं. पण प्रश्न संपले नाहीत. एक म्हणजे, अनेक विद्यापीठांत मोठा हिस्सा अमेरिकी फुटबॉलला जातो, त्याखालोखाल पुरुष बास्केटबॉलला. मुलींच्या आणि कमी गर्दीच्या खेळांच्या वाट्याला चिल्लर उरते. दुसरं म्हणजे, आता खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो. मॅनिंग चार वर्षं एकाच संघात राहिला म्हणून १९८८ घडलं. आज तसा खेळाडू दुसऱ्या वर्षीच जास्त बोली लावणाऱ्याकडे गेला, तर त्याला नावं कशी ठेवायची? प्रशिक्षक तर कायमच असे जात आले. १९८८ जिंकून देणारे लॅरी ब्राउन त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक संघाकडे गेले होते.

तिसरा प्रश्न छोट्या कॉलेजांचा. ज्यांच्याकडे दोन कोटी डॉलर नाहीत, त्यांनी पोरं घडवायची आणि तयार झाली की मोठ्यांनी उचलायची, असं चित्र दिसू लागलंय. कॅन्सस मोठ्यांच्या रांगेत आहे, त्यामुळे त्याचं निभावेल.

नाइस्मिथ यांनी हाताने टिपणं करून टाइप करून घेतलेले ते मूळ १३ नियम २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. कॅन्ससच्याच एका माजी विद्यार्थ्याने घेतले. आज ते लॉरेन्सला, संघाच्या मैदानाशेजारच्या इमारतीत, काचेमागे ठेवलेत. त्या दोन पानांत चेंडू कसा टाकायचा, पंचाने काय बघायचं, सामना किती वेळ चालायचा, हे सगळं आहे. पैशाची वाटणी कशी करायची याचा नियम मात्र त्यात नाही. तो लिहायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, आणि तोही खेळवणाऱ्यांनी आपणहून लिहिलेला नाही, कोर्टाने लिहायला लावला.