फवारणीची विषबाधा : कसूर केवळ मजुराची नव्हे

संपादक महाशय,

गतांकातील पत्रलेखकाने फवारणीतील मृत्यूंचे सारे खापर मजुराच्या बेपर्वाईवर फोडले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले आणि आमच्या अकोला जिल्ह्यालाही त्याची झळ पोहोचली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्याही वर वाढली होती हे जो ध्यानी घेईल, त्याला नळी वर धरून चालणाऱ्याच्या तोंडावर आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यातून कातडीवर विष कसे उतरले, याचा उलगडा सहज होईल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशके मज्जातंतूंचा संदेश थांबविणारे विकरच निकामी करतात. बाहुल्या आकसतात, लाळ गळते, श्वास कोंडतो, आणि वेळीच अॅट्रोपीन न मिळाल्यास माणूस हातचा जातो. मधमाश्या आणि मावा खाणारे ढालकिडे त्याच फवाऱ्याने मरतात, म्हणून पुढची फवारणी अधिकच निकडीची होते, हे दुष्टचक्र निराळेच.

1971 च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक पोशाखाची तरतूद आहे. परंतु आश्विनातील उन्हात पाठीवर पंप घेऊन रोजंदारीवर राबणाऱ्यास तो कोणी द्यावयाचा? मालकाने द्यावा, आणि विक्रेत्याने औषधाबरोबर धोक्याची समजही मराठीत द्यावी. हंगामापूर्वी पातूर तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातील अॅट्रोपीनच्या साठ्याची तपासणी होऊन तिचा तपशील ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, अशी संबंधित खात्यांस माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक, पातूर (जि. अकोला)