मेचे पहिले दहा दिवस आणि अमेरिकेची निवडक स्मृती

महाराष्ट्रात १ मे हा राज्याच्या स्थापनेचा आणि कामगारांचा, असा दुहेरी दिवस. जगातील अनेक देशांत त्या दिवशी सुट्टी असते. ज्या देशात या दिवसाचा जन्म झाला, त्या अमेरिकेत मात्र कारखाने, बँका आणि कचेऱ्या नेहमीप्रमाणे सुरू असतात. तेथील कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येतो; आणि १ मे हा १९५८ पासून सरकारदरबारी ‘निष्ठा दिन’ व ‘कायदा दिन’ म्हणून नोंदलेला आहे. शीतयुद्धाच्या ऐन भरात ही दोन नावे सुचावीत, हा योगायोग म्हणता येणार नाही.

आपल्याकडे उन्हाचा कहर चालू असतो तेव्हा तेथे वसंत ऐन बहरात असतो. या बहराच्या पहिल्या दहा दिवसांत अमेरिकी इतिहासातील काही मोठे दिनविशेष येतात. त्यांतील कोणते सरकारने साजरे केले, कोणते पीडितांनी हट्टाने जपले, याचा हिशेब मांडला तर राष्ट्राची स्मृती कशी घडते हे ध्यानात येते.

आरंभ शिकागोपासून करावा लागतो. १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचाच असेल, असा ठराव कामगार संघटनांच्या महासंघाने १८८४ मध्ये केला होता. ठरल्या दिवशी देशभर लाखो कामगार संपावर गेले. ३ मे रोजी शिकागोतील मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला आणि कामगार मारले गेले. त्याच्या निषेधार्थ ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकाजवळ सभा भरली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेला आले आणि सारे शांततेत चालले आहे अशी खात्री करून परतले. पाऊस आला, गर्दी पांगू लागली. नेमके तेव्हा पोलिसांचे पथक सभा उधळण्यास पुढे सरसावले आणि कोणीतरी बॉम्ब फेकला. स्फोटात व त्यानंतरच्या गोळीबारात सात पोलीस आणि किमान चार नागरिक प्राणास मुकले.

बॉम्ब कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ जणांवर खटला चालला, तो त्यांच्या कृत्यांपेक्षा त्यांच्या भाषणांवर आणि लेखांवर. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी पार्सन्स, स्पाइस, फिशर आणि एंगेल यांना फाशी देण्यात आले. लिंगने आदल्याच दिवशी तुरुंगात मृत्यूला कवटाळले. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये उरलेल्या तिघांना माफी दिली. ती देताना खटलाच अन्यायाचा होता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. वृत्तपत्रांनी त्यांच्यावर आगपाखड केली आणि १८९६ च्या निवडणुकीत ते पराभूत झाले. या घटनेची आठवण १८८९ मध्ये पॅरिसच्या समाजवादी परिषदेने जगभर नेली. अमेरिकेच्या सरकारने मात्र १८९४ मध्ये, पुलमन रेल्वेसंप पेटलेला असताना, सप्टेंबरमधील निरुपद्रवी सुट्टी कामगारांच्या पदरात टाकली.

हेमार्केटमध्ये पहिले स्मारक उभे राहिले, ते पोलिसाच्या पुतळ्याचे, १८८९ मध्ये. या पुतळ्याचे नशीबही विलक्षण. १९२७ मध्ये, नेमक्या ४ मे रोजी, रुळांवरून घसरलेली ट्राम त्यावर आदळली. १९६९ आणि १९७० मध्ये डाव्या अतिरेक्यांनी तो दोनदा स्फोटाने उडवला. अखेर तो चौकातून हलवून पोलिसांच्या ताब्यातील सुरक्षित जागी न्यावा लागला. सभा जेथे झाली तेथे वक्त्यांच्या गाडीचे शिल्प उभे राहायला २००४ साल उजाडले.

दुसरा दिनविशेष १० मेचा. १८६९ मध्ये या दिवशी युटामधील प्रॉमोन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले व सोन्याचा खिळा ठोकण्यात आला. पश्चिमेकडील मार्ग सिएरा नेवाडाचे ग्रॅनाइट फोडून आणला होता हजारो चिनी मजुरांनी. सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे बहुसंख्य कामगार तेच होते. त्या सोहळ्याच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रात मात्र ते दिसत नाहीत. पुढे तेरा वर्षांनी, ६ मे १८८२ रोजी, अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी चिनी मजुरांना देशाचे दार बंद करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दहा वर्षांसाठी म्हणून आलेला हा कायदा १९४३ पर्यंत टिकला, आणि रद्द झाला तोही युद्धात चीन मित्रराष्ट्र होता म्हणून. तीच भिंत १९१७ मध्ये लांबवून भारतीयांनाही बाहेर ठेवण्यात आले. आज न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांसाठी ते दार खऱ्या अर्थाने उघडले १९६५ च्या कायद्याने.

प्रॉमोन्टरीच्या शताब्दीला, १९६९ मध्ये, तत्कालीन वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी भाषणात या पराक्रमाचे सारे श्रेय ‘अमेरिकनां’ना दिले. त्या मजुरांना अमेरिकन होण्याची मुभाच नव्हती, याचा त्यांना विसर पडला. चिनी-अमेरिकी समाजाचे प्रतिनिधी समोर बसून हे ऐकत होते. २०१९ मध्ये दीडशेव्या वर्षी त्याच खात्याच्या मंत्री म्हणून व्यासपीठावर आल्या तैवानमध्ये जन्मलेल्या इलेन चाओ; आणि त्यांनी चिनी मजुरांच्या श्रमांचा आवर्जून उल्लेख केला. त्यामागे वंशजांनी व इतिहासकारांनी पन्नास वर्षे लावून धरलेला आग्रह होता.

तिसरी घटना अलीकडची, म्हणून अधिक झोंबणारी. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात, कंबोडियातील लष्करी कारवाईविरुद्ध निदर्शने चालू असताना, नॅशनल गार्डच्या सैनिकांनी तेरा सेकंद गोळीबार केला. चार विद्यार्थी ठार, नऊ जखमी. ठार झालेल्यांपैकी दोघे निदर्शक नव्हतेच. ते वर्गांमधून ये-जा करत होते. त्यानंतरच्या जनमत चाचणीत ५८ टक्के अमेरिकनांनी दोष विद्यार्थ्यांना दिला. सैनिकांना दोषी मानणारे अवघे ११ टक्के निघाले. हा आकडा सरकारी क्रौर्यापेक्षाही अस्वस्थ करतो. १९७५ नंतर विद्यापीठाने अधिकृत स्मृतिकार्यक्रम बंद केला, तेव्हा विद्यार्थ्यांनीच समिती स्थापून तो चालू ठेवला. मृत विद्यार्थी पडले त्या वाहनतळावरील चार जागा मोटारींसाठी कायमच्या बंद व्हायला १९९९ पर्यंत थांबावे लागले. अकराच दिवसांनी मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन तरुण मेले. त्यांची आठवण त्या मानाने किती कमी निघते, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेला दांभिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. आल्टगेल्ड यांचे माफीपत्र, केंट स्टेटची छायाचित्रे, न्यायालयांतील कागदपत्रे खुली राहिली म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली. प्रश्न आहे तो ही दारे पुढेही खुली राहतील का, हा. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून स्मिथसोनियन संग्रहालये आणि राष्ट्रीय स्मारके यांतील इतिहासाच्या मांडणीची झाडाझडती सुरू केली. देशाची प्रतिमा डागाळणारा मजकूर नको, हा त्याचा रोख. स्वातंत्र्यघोषणेची २५० वर्षे २०२६ मध्ये पूर्ण होत असताना हा आदेश यावा, हे सूचक आहे.

पण या दहा दिवसांचा अनुभव असा, की सरकारने वगळलेली तारीख दुसऱ्याच वाटेने परत येते. १ मे २००६ रोजी स्थलांतरितांवरील कठोर विधेयकाविरुद्ध लाखो लोकांनी काम बंद ठेवून शिकागो, लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर मोर्चे काढले. त्यांतील बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेले, जेथे १ मे हाच कामगार दिन असतो. शिकागोने जगाला दिलेली तारीख त्यांनी शिकागोलाच परत आणून दिली. डेस्प्लेन्स रस्त्यावरील त्या शिल्पाच्या चौथऱ्यावर निरनिराळ्या देशांतील कामगार संघटना आपापल्या नावाच्या पाट्या बसवत आल्या आहेत.