बॅटरी हवी, पण उघड्या आवारात

कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग इथे १६ जानेवारी २०२५ रोजी ३०० मेगावॉटचा बॅटरी प्रकल्प पेटला. हजाराहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली, किनाऱ्याचा महामार्ग बंद झाला. अग्निशमन दलाने आग जळून संपू दिली, आणि ते बरोबरच होतं. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःच ऑक्सिजन सोडतो. बाहेरची हवा तोडून भागत नाही. पाणी मारावं, तर शेजारच्या धडधाकट सेलमध्ये शॉर्ट सर्किट होण्याची भीती.

तेव्हापासून 'असल्या बॅटऱ्या नकोतच' हे वारंवार ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारणही मॉस लँडिंगमध्येच आहे. तिथे शेजारीच पीजी अँड ई या वीज कंपनीचा दुसरा प्रकल्प आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथेही आग लागली होती. पण त्या २५६ बॅटऱ्या उघड्या आवारात, आपापल्या पोलादी पेट्यांत, मध्ये अंतर राखून बसवलेल्या. जळाली एकच. २०२५ मध्ये जळाल्या त्या मात्र जुन्या वीज केंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये दाटीने रचल्या होत्या. आयती इमारत वापरण्याचा मोह मी समजू शकतो, पण त्यापायी निम्म्याहून अधिक बॅटऱ्या गेल्या.

जवळच्या एल्कहॉर्न स्लू या पाणथळीत शास्त्रज्ञांना मातीच्या अगदी वरच्या थरात निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचे अतिसूक्ष्म कण सापडले. आगीपूर्वीही ते तिथल्या मातीचे नमुने घेत होते, म्हणूनच फरक ठामपणे दाखवता आला.

महावितरणनेही बॅटरी साठवणुकीच्या निविदा काढल्या आहेत, आणि त्या काढायलाच हव्यात. दुपारची सौर वीज संध्याकाळच्या मागणीला पुरवायची, तर ती कुठेतरी साठवावीच लागणार. रसायन लोह-फॉस्फेटचं निवडावं. ते ऑक्सिजन सहजी सोडत नाही. अर्थात तापल्यावर त्यातूनही ज्वालाग्राही वायू निघतोच, तेव्हा पेटीतून तो बाहेर पडायची सोय आणि दोन पेट्यांमधलं अंतर यांत काटकसर नको. जवळच्या अग्निशमन केंद्रातल्या जवानांना आवार आधीच फिरून दाखवावं. कुठली पेटी जळू द्यायची आणि पाणी कुठे मारायचं, हे त्यांना आगीच्या रात्री कळून उपयोग नाही. आणि पहिली पेटी उतरण्याआधी भोवतालच्या शेतांतली माती, विहिरींचं पाणी तपासून त्याचे आकडे ग्रामपंचायतीत लावावेत. ही अट निविदेतच घालावी.