परिपत्रक म्हणजे नियोजन नव्हे

विंडोज-१० या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही तारीख अकस्मात कोसळली नाही. जुलै २०१५ मध्ये ती प्रणाली बाजारात आली, तेव्हाच तिच्या अखेरीचा दिवस मायक्रोसॉफ्ट कंपनीने सांगून ठेवला होता. भूकंप सांगून येत नाही; परंतु हे संकट असे की, त्याची तिथी दहा वर्षे आधी भिंतीवर लिहून ठेवता येते. अशा संकटाने जी सार्वजनिक संस्था गडबडून जाते, तिला दैवाला बोल लावण्याचा अधिकार नाही.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा, असा समज असेल तर तो प्रथम दूर केला पाहिजे. सातबाराचा उतारा असो, निवृत्तिवेतन असो की रुग्णाचा केसपेपर असो, संगणकावरील प्रत्येक काम ज्या मूळ आज्ञावलीच्या आधारे चालते, ती ऑपरेटिंग सिस्टिम होय. तिच्यातील छिद्रे कालांतराने उघडकीस येतात आणि निर्माता ती बुजवीत राहतो. आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, आणि खरी फसगत आहे ती येथेच. नवी सापडणारी छिद्रे यापुढे उघडीच राहावयाची असतात.

याचे मोल ब्रिटनने मोजले आहे. विंडोज एक्स्पीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तेव्हा तेथील सरकारने एका वर्षाच्या मुदतवाढीसाठी सुमारे ५५ लाख पौंड दिले. एप्रिल २०१५ पर्यंत जुन्या प्रणाली सोडण्याच्या योजना तयार ठेवा, असे पत्रही राष्ट्रीय आरोग्य सेवेतील संस्थांना गेले. पुढे १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने हल्ला केला. इंग्लंडमधील २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८१ न्यासांना त्याची झळ पोहोचली. ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद झाली आणि एकूण संख्या १९ हजारांहून अधिक असावी असा अंदाज करण्यात आला. पाच ठिकाणी अपघात विभागांना रुग्ण दुसरीकडे पाठवावे लागले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बाधित यंत्रांपैकी बहुतेक एक्स्पीवर नव्हे, तर त्या वेळी आधार चालू असलेल्या विंडोज-७ वर चालत होती. छिद्र बुजविण्याची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती बसविली गेली नव्हती. पत्र पाठविले, इशारे दिले. पण पाळले कोणी, हे तपासण्याची रीतसर यंत्रणाच नव्हती, असे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले. परिपत्रक निघाले म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत आपल्याकडेही काही कमी रुजलेली नाही!

याउलट, उशिरा का होईना, रिझर्व्ह बँकेने योग्य मार्ग दाखविला. जून २०१८ मध्ये तिने बँकांना एटीएम यंत्रांतील कालबाह्य प्रणाली बदलण्यास फर्माविले, तेव्हा नुसते ‘त्वरित कार्यवाही करावी’ असे लिहिले नाही. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान चौथा हिस्सा, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत तीन चतुर्थांश आणि जूनअखेर सर्व यंत्रे, असे टप्पे ठरविले आणि संचालक मंडळाने मंजूर केलेला कार्यक्रम मागविला. एक्स्पीच्या अखेरीनंतर चार वर्षांनी हे घडले, हा दोष राहतोच. परंतु नियोजन कशाला म्हणतात, ते यावरून कळावे.

अडचणी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. विंडोज-११ अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. म्हणजे प्रणालीबरोबर यंत्रही बदलावे लागते. एखाद्या खात्याची जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालतच नाही आणि ती लिहिणारा कंत्राटदार केव्हाच निघून गेलेला असतो. महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट फाँटांत टंकलिखित केलेले मराठी दस्तऐवज, तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. यंत्र बदलण्याआधी असे दस्तऐवज रूपांतरित केले नाहीत, तर कागद असून वाचता न येण्याची आपत्ती ओढवेल. पण हीच तर आधी विचार करण्याची कारणे आहेत. विलंबाची सबब ती कशी व्हावी?

आमच्या मते प्रत्येक सार्वजनिक संस्थेने चार गोष्टी कराव्यात. कोणते यंत्र कोणत्या प्रणालीवर चालते आणि तिचा आधार केव्हा संपतो, याची नोंदवही ठेवावी. बदल प्रथम एका लहान कचेरीत करून पाहावा, परतीची वाट राखावी, मग टप्प्याटप्प्याने पुढे जावे. एका अधिकाऱ्याला नावानिशी जबाबदार धरावे. आणि खर्चाची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात करावी. मार्चअखेरीस उरलेल्या रकमेतून यंत्रे खरेदी करणे म्हणजे नियोजन नव्हे. मुदतवाढीचा पर्याय स्वस्त वाटतो खरा, पण विंडोज-१० साठी संस्थांना लावलेला दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा आहे. हे विलंबाचे चक्रवाढ व्याजच होय. मुक्त प्रणाली स्वीकारल्याने परवान्याचा खर्च वाचेल. पण उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीचा नेहमीचा आधारही पाच वर्षांचाच असतो. कॅलेंडरापासून सुटका कोणालाच नाही.

शाळेचे छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारले म्हणून कोणी सत्कार करीत नाही. ते गळले म्हणजे मात्र मुले भिजतात. येथे भिजणार आहेत ते रुग्णालयाच्या खिडकीपुढे उभे असलेले रुग्ण आणि निवृत्तिवेतनाची वाट पाहणारे वृद्ध. पुढच्या अखेरीची तारीख पाहून तिच्याकडे जाणारे टप्पे आजच ठरवावेत, एवढेच मागणे आहे. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्या कारभाराला नागरिकांनी किती काळ क्षमा करावी?