जास्वंदीच्या कुंपणावरची फवारणी



आपण पाणी गाळून पितो, कांदा-बटाटा घरात येऊ देत नाही, आणि जास्वंदीच्या कुंपणावर जरा पांढरं दिसलं की पंपवाल्याला बोलावतो. ही संकल्पी हिंसा नाही तर काय?

आधी ओळखा तरी. शेंड्यावर कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. खालची पानं चिकट, काजळी धरल्यासारखी काळी दिसतात. तो वेगळा रोग नव्हे, ढेकणाच्या गोड चिकट्यावर वाढलेली बुरशी. मुंग्या त्या चिकट्यासाठी ढेकणांना राखतात. आमच्या सेवाग्रामकडे तो कपाशीवर असतो, गाजरगवतावरही. म्हणून कुंपणाखालचं गाजरगवत आधी उपटा. विषारी फवाऱ्याने त्याला खाणारे ढालकिडेही मरतात, मग तो पुन्हा वाढतो. शेजारी तीनदा फवारलं. मी वाणिज्य शाखेची, मला तो खर्च बुडीतच दिसतो.

आणि पंपवाला? २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-मजूर दगावले. तो पंचेंद्रिय जीव नाही का?

मी लागलेले शेंडे छाटते, पाण्याची जोरदार धार मारते. त्यातही जीव जातात, प्रतिक्रमणात ते आठवतात. पण कीड नसतानाही दर महिन्याला विष मारणं मला पटत नाही. सूनबाई म्हणते, कुंपण विरळ दिसतं. दिसू दे.